कढीपत्त्याला घातलेलं पाणी

आमच्या घरी जपानची मुलगी राहायला येणार, ही बातमी गल्लीत आमच्याआधी पोचली. मी तेव्हा अकरावीत होते. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं, घरात फोन नव्हता, आणि परदेश म्हणजे वडिलांच्या नकाशावर दिसायचा तेवढाच. वडील हायस्कुलात भूगोल शिकवायचे. शाळा-कॉलेजच्या मुलांची देशादेशांत अदलाबदल करणारं एक मंडळ कोल्हापुरात होतं. त्यांची ही पाहुणी एका मोठ्या बंगल्यात उतरायची होती, पण त्या घरात ऐनवेळी आजारपण निघालं. शोधाशोध सुरू झाली, तेव्हा कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की मुलगी जपानची, म्हणजे बौद्ध असणार. आपले भूगोलाचे सरही बौद्ध. मग झालं की काम. वडिलांना विचारलं तर ते उभ्या उभ्या हो म्हणून आले. आईला विचारायचं राहूनच गेलं.

आईनं भांड्यांचा आवाज वाढवला, म्हणजे तिचं म्हणणं सांगून झालं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढं आमचं घर. त्यातल्या बाहेरच्या खोलीत आईचं शिलाई मशीन, कपड्यांची गाठोडी आणि वडिलांचे गुंडाळलेले नकाशे. मागं न्हाणी, आणि तिच्या दाराशी तेलाच्या रिकाम्या डब्यात लावलेला कढीपत्ता. एवढ्या पसाऱ्यात जपान कुठं मावणार, हा आईचा प्रश्न रास्तच होता. शेवटी ठरलं असं, की मुलीनं आठवडाभर राहून बघायचं. तिला आणि आम्हाला जमलं तर ती वर्षभर आमच्याकडं राहील, नाहीतर पुढच्या सोमवारी तिला दुसऱ्या घरी हलवायचं.

मला ती राहायला हवी होती. मला बहीण नव्हती, आणि एक आयती, माझ्याच वयाची, विमानातून येत होती. ती अजून दिसलीही नव्हती तेव्हापासून मी तिच्यासाठी हट्टाला पेटले होते.

रविवारी संध्याकाळी मंडळातल्या एक बाई तिला गाडीतून घेऊन आल्या. मुलगी बुटकी, गोल चेहऱ्याची, पाठीवर स्वतःएवढी पिशवी. दारात आल्या आल्या तिनं बूट काढले, वळून नीट जोडीनं ठेवले, आणि मग आमच्या सगळ्यांच्या चपलांकडं बघून त्याही जोडीनं लावल्या, तोंडं बाहेरच्या बाजूला. वडिलांनी माझ्याकडं बघितलं. आमच्या घरात चपला जिथं पायातून सुटतील तिथं राहायच्या.

आईनं तांब्या चिंचेनं घासून लख्ख केला होता. ती ताटलीत दोन ग्लास पाणी घेऊन बाहेर आली. बाई म्हणाल्या, नको नको, आत्ताच घेतलं. मुलीनं ग्लास दोन्ही हातांनी घेतला, मान वाकवली, थोडा वेळ मांडीवर धरून बसली, आणि भरलेलाच्या भरलेला परत ताटलीत ठेवला. जाताना बाईंनी तिला दारापाशी घेऊन हळू आवाजात इंग्रजीत काहीतरी सांगितलं. मुलीनं दोनदा मान डोलावली. आई ताटली हातात धरून हे सगळं बघत होती.

इथं आईबद्दल सांगायला हवं. आई माणसं पाण्यावरून ओळखायची. तिचं बालपण मलकापूरकडच्या एका खेड्यातलं. शाळेत तहान लागली की तिनं आणि तिच्या वस्तीतल्या पोरींनी हौदाजवळ ओंजळ धरून उभं राहायचं. कुणी वरून पाणी ओतलं तर प्यायचं, नाही ओतलं तर घंटा झाली की तसंच वर्गात जायचं. हे तिनं मला एकदाच सांगितलं, तेही मशीनवरची मान वर न करता. कोल्हापुरात आल्यावर हौद गेला, ओंजळ गेली, पण गोष्ट काही संपली नव्हती. ब्लाउज शिवायला बायका यायच्या, तासभर गप्पा मारायच्या, आईच्या हाताची तोंड भरून तारीफ करायच्या, आणि पाणी पुढं केलं की म्हणायच्या, नको हो, आत्ताच चहा घेऊन निघाले. सगळ्याच असं करायच्या नाहीत. शेजारच्या काकू तर सरळ आत जाऊन माठातून घेऊन प्यायच्या. पण आई कुणालाच विसरायची नाही, प्यायलेल्यांना नाही आणि न प्यायलेल्यांना तर नाहीच. आमच्याकडं कुणी आलं की खुर्चीला टेकायच्या आत पाणी हजर. वडील चिडवायचे, तू पाणी देत नाहीस, परीक्षा घेतेस.

जपानची पाहुणी पहिल्याच दिवशी परीक्षेत नापास झाली होती, आणि तिला बिचारीला पेपर कसला हेसुद्धा माहीत नव्हतं.

बाकी सगळ्या विषयांत मात्र तिनं आम्हाला थक्क केलं. तिचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी एकाच लायकीचं, त्यामुळं आमचं छान जुळलं. ती सकाळी सगळ्यांच्या आधी उठायची, अंथरुणाची घडी अशी घालायची की आईसारख्या शिवणकाम करणाऱ्या बाईनंही ती उलगडून पुन्हा घालून बघितली. बंबातलं गरम पाणी अर्धीच बादली घ्यायची आणि उरलेलं तुझ्यासाठी, असं मला खुणेनं सांगायची. माझ्याबरोबर कॉलेजात आली तर वर्गातल्या साऱ्या पोरी तिच्याभोवती गोळा झाल्या, कुणी केसाला हात लावून बघतंय, कुणी ओरडून बोलतंय. मोठ्यानं बोललं की परदेशी माणसाला मराठी कळतं, अशी आमच्याकडं सगळ्यांची पक्की समजूत होती. ती गोंधळली, लाल झाली, पण पळाली नाही. शिवाजी पेठेतला चढ माझ्या जुन्या सायकलवरून चढताना एकदा पडली, गुडघा फुटला, उठली, सायकलीची माफी मागितल्यासारखी मान वाकवली आणि पुन्हा बसली. दोन हजार साल उलटल्यावर मी नोकरीसाठी परक्या मुलखात पहिले आठ दिवस काढले आणि स्नानगृहात नळ सोडून रडले, तेव्हा ह्या सतरा वर्षांच्या पोरीचं धैर्य मला खरं कळलं. आमच्या घरी ती रडलेली मी एकदाच बघितली, आणि ते कांदा-लसूण चटणीनं.

तो तिसरा दिवस. आईनं भाकरी आणि कांदा-लसूण चटणी घातलेली वांग्याची भाजी केली होती, तिखट कमी करून, पण ते कमी आमच्या हिशेबानं. पाहुणीनं पहिला घास घेतला, दुसरा घेतला, तिसऱ्याला डोळ्यांतून धारा लागल्या. नाक पुसत, हुंदके देत ती जेवत राहिली. मी पाण्याचा ग्लास तिच्याजवळ सरकवला. तिनं त्याच्याकडं बघितलं, मान वाकवून माझे आभार मानले, आणि कोरड्या भाकरीचा तुकडा तोंडात घातला. ताट घासून पुसून स्वच्छ केलं तिनं. ग्लास तसाच.

रात्रीची भांडी घासताना आई वडिलांना म्हणाली, "पाणी चालत न्हाई तिला आपलं. मला कळतंय की."

वडील म्हणाले, काहीतरीच काय, आपल्या हातचं जेवते, चहा पिते, आणि पाणी तेवढं चालत नाही? ती कुठली, आपण कुठले, तिला जातपात माहीत तरी आहे का? आईचं उत्तर तयार होतं. तिला नसेल माहीत, पण दारात कानात सांगणाऱ्या बाईला होतं. आणि चहा-जेवणाला नाही म्हटलं तर उपाशी राहावं लागेल, म्हणून खाते. वडील म्हणाले, तिच्या पोटाला सोसत नसेल इथलं पाणी. आई म्हणाली, मग सांगावं की तोंडानं, तोंड दिलंय की तिला.

दुसऱ्या दिवशी मी तिला रंकाळ्यावर घेऊन गेले. तिथं ती शहाळ्याचं पाणी प्याली, संपल्यावर तिनं आणखी एक मागितलं, आणि तेही घटाघटा संपवलं. घरी येऊन मी हे मोठ्या कौतुकानं सांगितलं आणि सांगता सांगताच माझी चूक माझ्या लक्षात आली. आईनं मशीन थांबवलं. शहाळं पिते, म्हणाली, म्हणजे तहान लागते तिला.

शुक्रवारी दुपारी आई न्हाणीकडं गेली आणि मी तिच्या मागं होते. पाहुणी कढीपत्त्याच्या डब्याजवळ उकिडवी बसली होती. सकाळी आईनं तिला दिलेला पाण्याचा ग्लास तिच्या हातात होता, आणि ते पाणी ती अगदी हळूहळू, थेंब सांडू न देता, झाडाच्या बुडाशी ओतत होती. आम्हाला बघून दचकली. उठून उभी राहिली, ग्लास पाठीमागं धरला, मान खाली घातली.

आई तशीच वळली, आत आली, मशीनवर बसली, आणि दोरा सुईत घालायला तिला फार वेळ लागला. मग म्हणाली की सोमवारी त्या बाई येतील तेव्हा त्यांनी मुलीला घेऊन जावं. वडिलांचा चेहरा उतरला. मला इतका राग आला की कुणाचा ते मला सांगता येईना. आईचा आला, पाहुणीचा आला, त्या बाईंचा आला, आणि कढीपत्त्याचाही. मी पाहुणीला विचारायला गेले, पण विचारू काय आणि कुठल्या इंग्रजीत? 'तू आमचं पाणी का पीत नाहीस' हे वाक्य मला येत होतं. ते विचारल्यावर जर तिनं आईला वाटत होतं तेच उत्तर दिलं असतं, तर पुढचं वाक्य माझ्याकडं कुठल्याच भाषेत नव्हतं. मी तशीच परत फिरले.

रविवारी तिला गावी न्यायचं आधीच ठरलं होतं. हातकणंगल्याजवळ आमचं गाव, तिथं थोरले चुलते शेती करायचे. मोडायचं तर चुलत्यांना कळवायचं कसं, म्हणून आईनं मोडलं नाही. नाराजीनं का होईना, ठेवणीतली पांढरी साडी नेसून ती निघाली. एसटीतून उतरलो तर वस्तीतली निम्मी माणसं फाट्यावर उभी. बुद्धाच्या देशातून पावणी आलीय, असं चुलत्यांनी सांगून ठेवलं होतं. वडील हळूच म्हणाले, अहो, बुद्धाचा देश आपलाच. चुलते म्हणाले, ते असू दे, पण आली की न्हाई?

तिला सगळे विहारात घेऊन गेले. पत्र्याची एक खोली, आत संगमरवरी मूर्ती, शेजारी निळ्या कोटातली तसबीर, कोपऱ्यात पाण्याचा रांजण. पोरांनी आणि बायकांनी एका सुरात वंदना म्हटली. ती झाल्यावर चुलते कौतुकानं म्हणाले, "पावणी, आता तुमच्यातली वंदना म्हणा की एकदा."

मी तिला समजावून सांगितलं. तिचा चेहरा पडला. तिच्या घरात असं म्हणत नाहीत, तिला एकही ओळ येत नाही, असं ती मला तुटक इंग्रजीत सांगू लागली. खोली भरलेली, सगळ्यांचे डोळे तिच्यावर, लांबून चालत आलेली म्हातारी माणसं पुढं सरकून बसलेली. वडील खाली बघत होते. आई भिंतीला टेकून सरळ तिच्याकडं बघत होती, आणि त्या बघण्यात माया नव्हती.

पाहुणीनं कोपऱ्यातल्या रांजणाकडं बघितलं. मग आईकडं वळून म्हणाली, "पानी?"

तिनं उच्चारलेला तो पहिला मराठी शब्द. आठवडाभर आई तिला रोज तोच विचारत होती.

आई जागची हलेना. मग उठली, रांजणातून फुलपात्र भरलं आणि तिच्या हातात दिलं. मुलीनं ते दोन्ही हातांनी घेतलं, मूर्तीपुढं ठेवलं, गुडघे मोडून खाली बसली आणि हात जोडून डोळे मिटले. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले, फुलपात्र उचललं, आईकडं तोंड करून मान वाकवली, आणि ते पाणी तोंड लावून, एका दमात, शेवटच्या थेंबापर्यंत प्याली.

चुलत्यांनी मला विचारलं, हे काय, ह्याचा अर्थ काय? मी तिला विचारलं. ती शब्द शोधत शोधत सांगत गेली आणि मी जमेल तसं मराठीत करत गेले. तिच्या घरात एक लाकडी देव्हारा आहे. तिची आजी रोज दिवसाचं पहिलं पाणी त्यात बुद्धापुढं आणि घरातल्या गेलेल्या माणसांपुढं ठेवते. नंतर ते उचललं की टाकायचं नाही, ते घरातलंच कुणीतरी पितं.

"घरातलंच?" आईनं मला पुन्हा विचारलं.

मी पाहुणीला पुन्हा विचारलं. ती हो म्हणाली, घरातलंच.

आईनं पदरानं तोंड पुसलं आणि तिथून उठून बाहेर गेली. मला वाटलं आता सगळं मिटलं. पण आई ती आईच. परतीच्या एसटीत पुढच्या सीटवरून वाकून माझ्या कानाशी लागली, मग आठवडाभर आपल्या घरात का नाही प्याली, विचार तिला. आता मला विचारायची भीती नव्हती. पाहुणीनं खिडकीबाहेरच्या उसाकडं बघत सांगितलं, त्या बाईंनी दारात बजावलं होतं की उकळलेल्या पाण्याशिवाय कुठंही घोटभरसुद्धा प्यायचं नाही, आजारी पडलीस तर परत पाठवावं लागेल. मग आम्हाला उकळून का नाही मागितलंस? तर म्हणाली, तुझी आई दिवसभर मशीन चालवते, स्वयंपाक करते, तिला माझ्यामुळं आणखी एक काम कसं सांगू? कॉलेजच्या कॅन्टीनमधला चहा आणि घरचा चहा ह्यांवर तिनं आठवडा काढला होता. आणि मान देऊन दिलेलं पाणी मोरीत ओतायचं नसतं, म्हणून ती ते झाडाला घालत होती.

मग तिनं मला विचारलं, तुझी आई रागावली होती का? मी आईच्या शाळेतला हौद आणि ओंजळ तिला सांगायला घेतली. माझं इंग्रजी त्या गोष्टीला पुरेना, मग मी माझी ओंजळ धरून दाखवली आणि हात वर करून ओतायची खूण केली. ती बघत राहिली. कळलं तेव्हा तिनं माझे दोन्ही हात धरून खाली केले आणि हातकणंगले मागं पडेपर्यंत सोडले नाहीत.

पुढच्या सीटवरच्या आईला मी सगळं सांगितलं. आईनं तोंड खिडकीकडं फिरवलं. मला वाटलं रडते आहे. ती एकदम वळून म्हणाली, "म्हंजे रांजणातलं ते पाणी कच्चंच प्याली की ही!"

त्या रात्रीपासून आमच्या घरात पाणी उकळायला लागलं. गॅस जाळायचा नाही म्हणून आईनं मागं तीन दगडांची चूल मांडली आणि त्यावर लग्नकार्यातलं वाटावं असं पातेलं चढवलं. सोमवारी सकाळी पाहुणीचं पोट बिघडलंच. ती काही कबूल करेना, हसून सगळं ठीक आहे म्हणत होती, पण आईनं तिला मशीनशेजारी झोपवलं, मऊ भात भरवला, जिऱ्याचं पाणी पाजलं आणि मधूनमधून मराठीत रागावत राहिली. तिलाही मोठ्यानं बोललं की पाहुणीला कळतं असंच वाटत होतं, आणि मला वाटतं, कळतही होतं.

दुपारी त्या बाई आल्या. खुर्चीत बसून म्हणाल्या, काय मग, जमतंय का सगळं? दुसरं घर तयार आहे. वडील आईकडं बघायला लागले, मी वडिलांकडं. एवढ्यात पाहुणी उठली, आत गेली, आणि ताटलीत पाण्याचा ग्लास घेऊन आली. आईसारखीच, दोन्ही हातांनी, बाईंच्या पुढं धरून उभी राहिली.

"उकळलेलं हाय," आई म्हणाली. "घ्या."

बाईंनी एकदा मुलीकडं बघितलं, एकदा आईकडं. पहिल्या दिवशी त्यांनी पाणी का घेतलं नव्हतं, हे मला आजही माहीत नाही. खरंच आत्ताच घेऊन निघाल्या असतील. त्या दिवशी त्यांनी ग्लास उचलला आणि सावकाश सगळं पाणी प्यायल्या. मग तोंड पुसून त्यांनी पुन्हा विचारलं, दुसऱ्या घराचं काय सांगू?

"दुसरं घर कशाला?" आई रिकामा ग्लास उचलत म्हणाली. "हितंच ऱ्हाईल ती. पाणी चालतंय की तिला आमचं."

आणि ती चहा टाकायला आत गेली.